पायांना पुरेल एवढं गाव

घर शोधायला निघालो तेव्हा आमची अट एकच होती. गाडी नसताना तिथे रोजचं जगणं जमलं पाहिजे. ह्यांना काचबिंदू आहे. बाजूची नजर कमी होत गेली तसं डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, आणि मी गाडी कधी शिकलेच नाही. बदलापूरला आमचं संकुल स्टेशनपासून बरंच आत आहे. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला भाताची खाचरं होती. आता तशीच संकुलं रांगेने उभी आहेत. प्रत्येकाला आपली कमान, आपला वॉचमन, आणि दोन कमानींच्या मध्ये फूटपाथ नसलेला रस्ता. साधं औषध आणायचं तरी रिक्षा. समोरचं दुकान दिसतं, पण ज्याला डावीकडून येणारी मोटारसायकल दिसत नाही त्याने तो रस्ता ओलांडायचा कसा? ह्यांनी हळूहळू बाहेर पडणंच सोडलं. नोकरीत असताना रोज लोकल पकडणारा माणूस चार भिंतींत बसून राहिलेला मला बघवेना.

माझं माहेर संगमेश्वराकडचं. तिथल्या घरात आता चुलतभाऊ नांदतात, त्यांना अडचण करायची नव्हती. पण जायचं तर कोकणात आणि समुद्राजवळ, हे दोघांच्याही मनात पक्कं होतं. पैशाचं गणित असं मांडलं की फ्लॅटचे जे येतील त्यातले निम्मे बँकेत राहायला हवेत, उरलेल्या निम्म्यात घर बसायला हवं. दुसरं माप पायांचं. दूध, भाजी, मासळी, औषधं, बँक, डॉक्टर, एसटी स्टँड, वाचनालय हे सगळं ह्यांच्या चालीने वीस मिनिटांच्या आत हवं. माझ्या चालीने नव्हे. आणि समुद्रही त्याच वीस मिनिटांत.

सुरुवात अलिबागपासून केली, कारण मुलगी ठाण्यात असते. अलिबाग शहर पायी फिरायला फार छान आहे. स्टँडवर उतरा, बाजारातून चालत जा, समोर समुद्र आणि पाण्यात कुलाबा किल्ला. ओहोटीला किल्ल्यातही चालत जाता येतं. पण तिथले भाव मुंबईच्या पैशाने ठरतात. मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या घेऊन जाणारी बोट, सुरू झाली २०२० मध्ये, अटल सेतू झाला २०२४ मध्ये, आणि प्रत्येक सोयीबरोबर अलिबागची जागा आमच्यासारख्यांच्या हातून आणखी निसटली. मग एजंट आम्हाला शहराबाहेर नेऊ लागले. नागाव, आक्षी, किहीम, थळ ही मुळात नारळी-पोफळीची गावं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या उंच भिंती आहेत आणि शनिवार-रविवारी मधून गाड्यांची रांग. त्या भिंतींच्या कडेने चालताना दोनदा ह्यांचा हात घट्ट धरून मला थांबावं लागलं. बदलापूरचाच रस्ता तो, फक्त नारळाच्या सावलीतला.

श्रीवर्धन मनापासून आवडलं. पेशवे बाळाजी विश्वनाथांचं हे गाव. वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, समुद्राकडे हळूच उतरणारे रस्ते, आणि बाजारात रोठा सुपारीची पोती. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आदळलं. एका बागायतदारांनी त्यांची वाडी दाखवली. जुन्या पोफळींची खोडं गेलेली, मधल्या मोकळ्या जागेत नवी रोपं छातीएवढी झालेली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणाले, तोवर काय खायचं ते आधी ठरवायचं आणि मग रोप लावायचं. गाव पायी चालण्यासारखं आहे, घरंही आवाक्यातली होती. अडलं ते डोळ्यांच्या तपासणीवर आणि रेल्वेवर. माणगाव स्टेशन दीड-दोन तासांवर, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर पुढे काय, याचं उत्तर मिळेना.

दापोलीचा अनुभव मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण घर शोधणारे बहुतेकजण तिथेच अडकतात. दापोली गाव सुरेख आहे, बाजार भरलेला आहे, पण समुद्र खाली आणि लांब. दोन्हींच्या मध्ये सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्या सड्यावर बंगल्यांचे प्लॉट पाडले आहेत. आम्हाला घेऊन गेलेला मुलगा अतिशय नम्र होता. ह्यांना हात देऊन उतरवलं, पाण्याची बाटली दिली. कमान, आत सिमेंटचा रस्ता, बिनशेतीचा आदेश झालेले प्लॉट, पोहण्याचा तलाव. दूर खाली निळी रेघ दिसत होती.

"काकू, बीच गाडीने पाच मिनिटं."

"आणि चालत?"

तो थांबला. "चालत कोणी जात नाही काकू."

"दूध?"

"खाली गावात. गाडीने पाच मिनिटं."

आम्ही त्याला सांगितलं की जरा पायीच जाऊन बघतो. तो कसनुसा हसला, पण अडवलं नाही. रस्ता वळणावळणाने उतरत होता. कडेला झाड नाही, खाली तापलेला जांभा, आणि मागून चिऱ्याचे डंपर. डंपर आला की आम्ही कातळावर चढून उभे राहायचो. खाली पोचायला पाऊण तास लागला. किराणा दुकानातल्या बाईंनी बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "वरच्या कॉलनीत घेताय का? तिथे मार्चपासून टँकर जातो." वर चढताना ह्यांनी तीनदा बसून घेतलं. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. गाडीने खरोखरच पाच मिनिटं होती. पण ज्यांच्याकडे गाडी आहे आणि ती चालवणारी नजर शाबूत आहे, त्यांच्यासाठीच ती जागा आखली होती. आणि नजर कुणाची कायम शाबूत राहते? आज पन्नाशीत तिथे प्लॉट घेणारे पंच्याहत्तरीत तिथून दुधाला कसे जाणार आहेत, हा प्रश्न मला त्या उतारावर पडला तो अजून सुटलेला नाही.

त्यानंतर नकाशाकडे बघण्याची माझी पद्धतच बदलली. कोकण किनाऱ्यावरची जुनी शहरं पायी चालणाऱ्यांसाठी वसली होती. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून निघणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. माझे आजोबा जयगडला उतरायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे, आणि पुढे ट्रंक डोक्यावर घेऊन पायी किंवा बैलगाडी. त्यामुळे बंदराजवळ बाजारपेठ, बाजारपेठेला लागून आळ्या, आळीत देऊळ आणि विहीर, असं सगळं हाताशी बांधलं गेलं. पुढे हायवे झाला तो आतून. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तीही डोंगराच्या अंगाने. गुहागरला जायचं तर चिपळूणला उतरा, मालवणला जायचं तर कुडाळला. नवा पैसा आणि नवं बांधकाम स्टेशनांकडे, हायवेकडे आणि समुद्र दिसणाऱ्या सड्यांकडे गेलं. बंदराची गावं तेवढी मागे राहिली. ज्या कारणाने ती मागे पडली त्याच कारणाने ती अजून चालण्याजोगी आहेत, आणि काही ठिकाणी परवडण्याजोगीही. मग आम्ही जाहिराती बघणं सोडलं आणि एकेका बंदराच्या बाजारपेठेत जाऊन खोली घेऊन राहू लागलो.

गुहागरने पहिल्याच संध्याकाळी जीव लावला. गाव समुद्राला समांतर लांबच लांब पसरलेलं. वरचा पाट, खालचा पाट, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. रस्त्यावर घराची पडवी, मागे विहीर, त्यामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या टोकाला सरळ समुद्र. देवळाजवळ घर मिळालं असतं तर आमची सगळी मापं बसत होती. मिळालंही होतं. माडीचं, चिऱ्याचं, मालक पुण्याला. सातबारा काढला तर त्यावर तेवीस नावं. त्यातली काही माणसं हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. दोन बहिणींचा पत्ताच कुणाला ठाऊक नाही. जे विकायला निघाले होते त्यांचा हिस्सा किती हे त्यांनाही सांगता येईना. कोकणात कुलूप लावलेली इतकी घरं का दिसतात ते तो उतारा हातात घेतल्यावर कळतं. कुणाला विकायचं नसतं असं नाही. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत.

कागदांविषयी थोडं सांगते, कारण यात लोक पैसे घालवून बसतात. शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन आपल्या नावावर होत नाही. म्हणजे जागा बिनशेती तरी हवी किंवा सिटी सर्व्हेतलं घर हवं, ज्याला प्रॉपर्टी कार्ड असतं. घरपट्टीची पावती दाखवून "घर माझं" म्हणणारे भेटतात. घरपट्टी भरणं म्हणजे मालकी नव्हे. जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल तर विक्रीला परवानगी लागते का ते आधी बघावं; सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नये. आणि समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची सरकारी बंधनं. शहरातल्या बांधीव भागात, ज्याला सीआरझेड-दोन म्हणतात, तिथे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवं बांधता येतं. समुद्राच्या बाजूची मोकळी जागा स्वस्त मिळते आहे असं वाटलं तर ती स्वस्त का आहे ते नगरपरिषदेत जाऊन विचारावं. आम्ही प्रत्येक ठिकाणी तलाठ्याकडे आणि नगरपरिषदेत स्वतः गेलो. दोन्हीकडे बसायला खुर्ची मिळाली आणि विचारलं तेवढं सांगितलं गेलं.

गुहागर सोडताना ह्यांना वाईट वाटलं. पण इस्पितळासाठी चिपळूण तासाभराच्या वर, हेही मनात होतंच. रत्नागिरीत सगळं आहे. राम आळीपासून मांडवीपर्यंतचं जुनं गाव चालायला चांगलं, आणि १८२८ पासूनचं नगर वाचनालय. आमच्या पैशात मात्र नाचणे, कुवारबाव या बाजूलाच जागा मिळत होत्या, आणि तिथून समुद्र म्हणजे पुन्हा रिक्षा.

मालवणात आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. भरड नाक्यापासून बाजारपेठेतून बंदरापर्यंतची चाल मला कुठल्याही शहरातल्या चालीपेक्षा प्रिय आहे. दुकानांचे कट्टे रस्त्याला लागून, कुणीही बसायला जागा देतं, आणि शेवटी समोर सिंधुदुर्ग. पण भाड्याने घर विचारलं की उत्तर एकच, "महिन्यान नाय देणव, दिवसान देतंव." चिवला, मेढा, धुरीवाडा, जिथे जावं तिथे मागची खोली पर्यटकांसाठी बांधलेली. त्यात त्यांची चूक नाही. मे महिन्यातल्या काही दिवसांत वर्षाची तजवीज होत असेल तर ते आम्हाला बारा महिने का देतील? बंदरावर मासळी निवडत बसलेल्या एका आजींनी मात्र आमची खरी सोय केली. मी म्हटलं, आम्ही इथेच राहायला यायचं म्हणतोय. त्या म्हणाल्या, "बाय, आधी पाऊस बघा. मगे घर बघा. उन्हाळ्यात सगळींच घरां बरी."

म्हणून वेंगुर्ल्याला आम्ही जुलैत गेलो. मासेमारी बंद होती. १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. त्यामुळे बंदर गप्प, होड्या वर ओढून झावळांनी झाकलेल्या. पाऊस आडवा. छत्रीचा उपयोग नव्हता, दोघांनी रेनकोट चढवले. मी मुद्दाम ठरवून एकेक काम पायी केलं. दूध, मग औषधाचं दुकान, मग बँक, मग स्टँड. दाभोली नाक्याकडून बाजारात येताना रस्त्यावर पाणी होतं, पण ते वाहत होतं, साचलेलं नव्हतं. गटारांवर लाद्या होत्या, आणि त्या लाद्यांवरूनच माणसं चालत होती. एका ठिकाणी लादी निसटलेली होती, तिथे कुणीतरी माडाचा झाप उभा करून ठेवला होता. ह्यांना तो लांबूनच दिसला. कमी दिसणाऱ्या माणसाला त्या उभ्या झापाची किंमत काय असते ते मी रोज बघते. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. गाड्या मुळात थोड्या आणि रस्ता अरुंद, त्यामुळे वेग येतच नाही. रस्तारुंदी झालेल्या शहरांत माझ्या नवऱ्याला जे जमत नाही ते या अरुंद पेठेत जमलं.

वेंगुर्ला हे एके काळी बेळगावचं बंदर. डचांची वखार इथे होती, तिचे अवशेष अजून आहेत. आंबोलीच्या घाटाने माल उतरायचा आणि इथून गलबतांत चढायचा. १८८० च्या दशकात गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे झाली, माल तिकडे वळला, आणि हे गाव आहे त्या आकारात थांबलं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पंधरा हजारांच्या आतच होती. एवढ्या छोट्या गावात नगरपरिषद, वाचनालय, कॉलेज, फळ संशोधन केंद्र, उपजिल्हा रुग्णालय आहे. कचऱ्याचं कामही बघितलं. घराघरातून वेगवेगळा करून कचरा जातो, आणि जिथे पूर्वी डेपो होता ती जागा बघायला आता बाहेरगावची माणसं येतात. मी तिथे नाक धरूनच गेले होते, ते सोडून उभी राहिले.

सगळं गोड आहे असं नाही. विजेचा भरवसा पावसात नाही. काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं असं शेजारच्यांनी सांगितलं. ह्यांच्या डोळ्याचा दाब तपासायला सावंतवाडी किंवा कुडाळ गाठावं लागतं. दोघांचंही एसटीचं तिकीट अर्धं, म्हणून ते जमतं. मोठं काही निघालं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर इथले लोक जातात तसं गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात. ठाणं लांब पडतं, मुलगी त्यावरून नाराज होती. तिला आम्ही दिवाळीनंतर बोलावलं. त्या रात्री जवळच्या देवळात दशावतार होता. पहाटे नाटक सुटल्यावर म्हाताऱ्या बायका, पोरं, खांद्यावर झोपलेली बाळं, सगळी बॅटरीच्या उजेडात बोलत बोलत पायी घरी निघाली होती. त्यांच्यातच आम्ही. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, बदलापूरला तू रात्री नऊनंतर खाली उतरत नाहीस."

आम्ही विकत काही घेतलेलं नाही. बाजारपेठेच्या मागच्या आळीत खालच्या मजल्याच्या दोन खोल्या आणि पडवी अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतल्या, करार रीतसर नोंदवला. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहतात. समुद्र अठरा मिनिटं, ह्यांच्या चालीने. दूध चार. वाचनालय अकरा, आणि तिथे हे आता एकटे जातात. वाटेत कुठला दगड वर आलाय आणि कुठल्या घराची पायरी रस्त्यावर येते हे त्यांना पाठ झालं आहे. उशीर झाला तर मला फोन करावा लागत नाही. वाटेतल्या दुकानदारांपैकी कुणीतरी सांगतं, काका आत्ताच पुढे गेले.

याच आळीत एक घर विकायला निघालं आहे. प्रॉपर्टी कार्डावर चार भावंडं आहेत, चौघं हयात आहेत आणि चौघं मे महिन्यात गावी येणार आहेत. विहीरही तेव्हाच बघायची, पाणी तळाला गेल्यावर. वकील सावंतवाडीचे ठरवले आहेत, ते मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन अहवाल देतील. तोपर्यंत बदलापूरचा फ्लॅट भाड्याने दिला आहे, त्यातून इथलं भाडं भागतं आणि थोडे पैसे उरतात.